मूल रुग्णालयात असताना: खेळ, धीर आणि मनाची काळजी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीकडच्या मुलांच्या वॉर्डात आम्ही खेळ घेतो तेव्हा आई-बाबा, आजी-आजोबा आणि कधीकधी सिस्टरही जे प्रश्न विचारतात, ते या पानावर एकत्र केले आहेत. मूल गप्प झालं की काम झालं, असं समजून खेळणं हातात दिलं तर त्याचा अर्धा उपयोग वाया जातो. आपल्याला काय होतंय, हे मूल खेळातूनच समजून घेतं आणि खेळातूनच सांगतं. त्याच्याशी खरं बोलणारं कुणीतरी जवळ असेल तर हे घडतं. खालची बहुतेक उत्तरं फिरून याच मुद्द्यापाशी येतील.

मूल तापाने फणफणलंय, हाताला सलाईन आहे. अशात खेळ कसला सुचतोय?

ताप चढलेला असताना खेळवूच नका. त्याला झोपू द्या, कपाळावर हात ठेवा, ओळखीचं गाणं हळू आवाजात म्हणा. ताप उतरला की थोड्या वेळात मुलाचा मोकळा हात काहीतरी चाळवायला लागतो. चादरीची दशी ओढतो, खाटेच्या दांड्यावर टकटक करतो. तिथून सुरुवात करायची. तुम्हीही त्या दांड्यावर तशीच टकटक करून उत्तर द्या. आजारी मुलाला एवढा खेळ पुष्कळ होतो.

खेळ ही उपचार झाल्यावरची चैन आहे, असं कुणी म्हटलं तर त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. तीव्र कुपोषित मुलांवर रुग्णालयात कसे उपचार करायचे, याच्या दहा पायऱ्या जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिल्या आहेत. त्यात साखर कमी होणं, अंग गार पडणं, जंतुसंसर्ग, आहार हे सगळं आहे आणि नववी पायरी आहे मुलाच्या संवेदनांना चालना आणि भावनिक आधार. रोज १५ ते ३० मिनिटं ठरवून खेळ घ्यावा, असं त्यात सांगितलं आहे. खेळणीही घरगुती आहेत: रिकाम्या बाटलीत टाकायची झाकणं, एकात एक बसणारे डबे, चिंधीची बाहुली. पालघरमधल्या जव्हार-मोखाड्याच्या मुलाला दूध आणि औषध जितकं लागतं, तितकाच कुणाचा तरी हसरा चेहराही लागतो, हे जगभरच्या डॉक्टरांनी मान्य केलं आहे.

आमचा मुलगा अगदी शहाण्यासारखा पडून आहे. दोन दिवस खूप रडला, आता हूं की चूं नाही. म्हणजे रुळला ना?

तसं असेलच असं नाही. हा प्रश्न फार जण विचारतात आणि बहुतेक वेळा चेहऱ्यावर सुटका दिसते. म्हणून जरा सविस्तर सांगते.

पूर्वी इंग्लंडमधल्या रुग्णालयांत आई-वडिलांना मुलाजवळ थांबू देत नसत. भेटीच्या वेळाही अगदी थोड्या असत. लंडनचे जेम्स रॉबर्टसन यांनी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस दाखल झालेल्या दोन वर्षांच्या मुलीचं चित्रण केलं आणि १९५२ साली ते डॉक्टरांपुढे ठेवलं. आईपासून तुटलेलं लहान मूल आधी आकांत करतं, मग खचतं आणि शेवटी अलिप्त होतं, असं त्यांनी मांडलं. वॉर्डातल्या लोकांना ही शेवटची अवस्थाच ‘मूल रुळलं’ अशी वाटायची. आई आली तरी ते मूल तिच्याकडे झेपावत नसे, मान फिरवून घेई. आधी डॉक्टर मंडळी या चित्रणावर चिडली. पुढे १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीने, प्लॅट समितीने, मुलांच्या वॉर्डात भेटीवर बंधनं नसावीत आणि लहान मुलांच्या आयांना सोबत राहता यावं, अशी शिफारस केली.

आपल्याकडे आई सहसा खाटेपाशीच असते आणि ही मोठी जमेची बाजू आहे. तरीही मूल एकाएकी गप्प होऊ शकतं. ते खेळण्याकडे बघतं का, ओळखीचं माणूस आलं की डोळे हलतात का, खाऊ पुढे केला तर निदान नको म्हणून मान हलवतं का, हे पाहा. यातलं काहीच होत नसेल तर राउंडला आलेल्या डॉक्टरांना सांगा. मलूल होण्यामागे आजार बळावणं हेही कारण असू शकतं, ते आधी त्यांनी तपासायला हवं. शरीर ठीक असेल तर मुलाजवळ नुसतं बसून राहा. प्रश्न विचारू नका. त्याच्या शेजारी तुम्हीच काहीतरी करायला घ्या, कागदाची होडी किंवा दोऱ्याची गाठ. मूल तिरक्या नजरेने बघायला लागलं की वाट मोकळी झाली.

रडणाऱ्या मुलाचं मला तितकंसं भय वाटत नाही. रडणारं मूल अजून कुणीतरी ऐकेल अशी आशा धरून असतं.

सुई टोचणार आहेत हे आधी सांगू की नको? आधीच सांगितलं तर जास्त रडेल.

सांगा. थोडं जास्त रडेल, पण तुमच्यावरचा विश्वास टिकेल.

आपल्याकडे सुईची भीती घरातच पेरलेली असते. ‘गप रव, नायतर डॉक्टर सुई मारतलो’ हे वाक्य किती घरांत रोज म्हटलं जातं. मग खरोखर सुई टोचायची वेळ आली की मुलाला वाटतं, आपण काहीतरी वाईट केलं म्हणून ही शिक्षा. तीन ते सात वर्षांची मुलं असा संबंध फार सहज जोडतात: भावाशी भांडलो म्हणून पोटात दुखलं, सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून हात मोडला. म्हणून ‘तू काही चुकला नाहीस, तुझ्यामुळे हे झालेलं नाही’ हे तोंडाने म्हणावं लागतं. मुलाने विचारलं नसलं तरीही.

किती आधी सांगायचं, ते वयावर आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलाला दोन मिनिटं आधी पुरतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी सकाळी. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी सांगितलं तर ते आपले प्रश्न गोळा करतं. शब्द साधे ठेवा. ‘थोडा दुखतला, मगे थांबतला. मी हयच आसय.’ तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ‘काही नाही होत’, ‘मुंगी चावल्यासारखं’, ‘आपण फक्त फोटो काढायला चाललोय’ यातलं काही म्हणू नका. मुलाला दुखतंच आणि मग पुढच्या वेळी ‘फक्त तपासतायत’ असं खरं सांगितलं तरी त्याला ते पटत नाही.

आणखी एक. ‘टोचू का?’ असं विचारू नका, कारण ‘नको’ या उत्तराला तिथे किंमत नसते. जिथे निवड देता येते तिथेच द्या: उजवा हात की डावा, मांडीवर बसून की खाटेवर, बघायचं की मान फिरवायची. एवढ्याशा निवडीनेही मुलाचा आवाज बदललेला ऐकू येतो.

टोचताना मला बाहेर थांबायला सांगतात. चार जण मिळून धरतात. हे असंच असतं का?

असंच असायला हवं असं नाही. मुलाला आडवं पाडून हातपाय दाबले की ते अधिक झटापट करतं. त्याऐवजी मूल आईच्या मांडीवर, तिच्याकडे तोंड करून, छातीला छाती लावून बसतं. आईचे दोन्ही हात त्याच्या पाठीभोवती असतात आणि एक हात सिस्टरकडे बाहेर काढलेला असतो. मिठीही होते आणि मूल स्थिरही राहतं. लसीकरणाच्या वेदना कमी करण्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ज्या सूचना दिल्या, त्यात मुलाला जवळ घेऊन बसवणं आहे आणि तान्ह्या बाळाला टोचण्याच्या वेळी अंगावर पाजणंही आहे.

सोबत फुंकर. साबणाचे फुगे असतील तर उत्तम, नाहीतर कागदाचं भिरभिरं. लांब फुंकर मारताना श्वास आपोआप खोल होतो आणि लक्षही तिकडे जातं. सुई टोचताना लक्ष दुसरीकडे वळवलं तर मुलांचं दुखणं आणि भीती कमी होते, हे चाचण्यांमधून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ठरवून करायची तपासणी असेल तर जागा बधिर करणारं मलमही मिळतं, पण ते साधारण तासभर आधी लावावं लागतं, म्हणून डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

तुम्हाला स्वतःलाच सुई बघवत नसेल तर तसं सांगा आणि बाबांना किंवा मावशीला बसवा. त्यात लाज बाळगण्यासारखं काही नाही. घाबरलेल्या आईच्या छातीचे ठोके मुलाला कळतात.

मुलगी बाहुलीला सारखी सुया टोचते, तिला ओरडते, ‘गप, रडायचं नाही’ म्हणते. ती रागीट झाली आहे का?

नाही. ती बरी होण्याच्या वाटेवर आहे आणि तिला हे करू द्यावं.

एका पाच वर्षांच्या मुलीच्या हातावर सलाईनची सुई हलू नये म्हणून औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा बांधला होता. तो हात तिने चादरीखाली लपवून ठेवलेला. आम्ही तिला चिंधीची बाहुली, एक पुठ्ठ्याचा तुकडा आणि चिकटपट्टी दिली. तिने आधी बाहुलीचा हात पुठ्ठ्यावर ठेवून पट्टी इतकी गुंडाळली की हात दिसेनासा झाला. मग सुई काढलेली रिकामी सिरिंज घेऊन पोटात, पायात, डोक्यात, सगळीकडे टोचली. मग जरा थांबली. चिकटपट्टी दातांनी सोडवली, पुन्हा बांधली, या वेळी सैल. आणि बाहुलीला म्हणाली, ‘घट झाला तर सांग हां.’ त्या वेळेपर्यंत तिचा स्वतःचा पुठ्ठा आवळतो आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सिस्टरने लगेच पट्टी सैल केली.

बाहुलीच्या खेळात मूल डॉक्टर होतं. दिवसभर ज्याच्यावर सगळं केलं जातं, त्याच्या हातात थोडा वेळ सत्ता येते. मोठ्या माणसाने तिथे शिकवायला जाऊ नये. ‘असं नाही टोचत, तसं टोचतात’ म्हटलं की खेळ संपला. बाहुली मेली म्हणाली तरी दचकू नका. ‘मग काय झालं?’ एवढंच विचारा.

सिरिंज देताना सुई नसलेली, न वापरलेली द्या आणि खेळ झाल्यावर मोजून परत घ्या.

एक खेळ आमच्याकडच्या मुलांनीच काढला आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाहुली आजारी पडली की एक मूल हात जोडून गाऱ्हाणं घालतं, ‘बावलेचो ताप जाव दे रे म्हाराजा!’ आणि सगळ्या खाटांवरून आवाज येतो, ‘व्हय म्हाराजा!’ त्यात सलाईन लावलेली मुलंही असतात, पाय प्लास्टरमध्ये टांगलेलीही असतात.

मोबाईल दिला की शांत राहतो. त्यात वाईट काय?

टोचण्याची पाच मिनिटं, ड्रेसिंग, एमआरआयची वाट बघणं, यासाठी मोबाईल चांगला आहे. बाबा मुंबईला नोकरीला किंवा बोटीवर असतील तर व्हिडिओ कॉल हवाच. पण सकाळपासून रात्रीपर्यंत पडदा समोर असेल तर मूल काही विचारत नाही आणि आपल्याला काही कळत नाही. झोपही बिघडते. आवाज बारीक ठेवा, शेजारचं बाळ झोपलेलं असतं.

विंचू चावल्यामुळे मुलगा दाखल होता. आता बरा आहे, पण रात्री झोपत नाही, चप्पल घालत नाही. काय करावं?

कोकणात हे खूप दिसतं, म्हणून याला वेगळी जागा देते. लाल विंचवाचा दंश मुलांच्या हृदयावर आघात करतो. पूर्वी यात बरीच मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्रॅझोसिन हे औषध यात कामी येतं हे दाखवलं, त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. आज मूल वेळेत पोचलं तर बहुधा बरं होऊन घरी जातं. पण घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय आणि भोवती धावपळ करणारी माणसं, ही रात्र त्याच्या मनातून लगेच जात नाही. फुरसं हा विषारी साप चावलेल्या मुलांचंही असंच होतं.

अशा मुलाला ‘आता विसर ते’ म्हणून उपयोग नाही. त्याला ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू द्या, काढू द्या, खेळू द्या. कणकेचा गोळा दिला तर बहुतेक मुलं विंचूच करतात, नांगी अगदी व्यवस्थित वळवतात आणि मग मुठीने चेपतात. पुन्हा करतात, पुन्हा चेपतात. चेपू द्या. प्रत्येक वेळी गोष्टीत डॉक्टर, औषध आणि ‘मग बरा झाला’ हा भाग येतो आहे ना, तेवढं बघा. येत नसेल तर तुम्ही विचारा, ‘मग गाडी कोणी आणली?’

घरी आल्यावर त्याच्यासोबत काहीतरी ठोस करा. रोज रात्री बॅटरी घेऊन अंथरूण झटकायचं, चप्पल उलटी करून आपटायची, लाकडांच्या ढिगात हात घालायचा नाही. हे काम त्याचं. खबरदारी स्वतःच्या हातात आली की भीती बरीच निवते. महिना उलटला तरी दचकून उठणं, एकटं न राहणं, तीच आठवण सारखी येणं चालू असेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक आहे, तिथे दिवसरात्र बोलता येतं, मराठीतही.

खेळणी कोणती आणावीत?

धुता येतील ती. पावसाळ्यात कापडी बाहुल्या इथे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, त्यांना बुरशी धरते. म्हणून जून ते सप्टेंबर वॉर्डात सगळ्यांनी मिळून वापरायची खेळणी प्लास्टिकचीच बरी. मुलाची स्वतःची लाडकी बाहुली किंवा आईच्या जुन्या साडीचा तुकडा मात्र हवाच. तो त्याच्यापुरता ठेवा, घरी धुऊन आणा. सावंतवाडीची लाकडी फळं आणि भातुकली मला जीव की प्राण आहेत, पण रंग उडालेल्या, चिरा पडलेल्या लाकडात घाण अडकते. नवीन, गुळगुळीत असतील तर एकाच मुलाला द्या, खाटेवरून खाटेवर फिरवू नका.

रबरी फुगे आणू नका. फुटलेला तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो आणि काही मुलांना त्या रबराची ॲलर्जी असते. शाडूची किंवा बागेतली माती जखम असलेल्या आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्या मुलांना चालत नाही, कणीक चालते. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या मुलाला कणीकही देऊ नका, तोंडात जाते.

पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या बघून मोठी झालेली मुलं इकडे आहेत. पायमोज्याला दोन बटणं शिवून हातात घातलं तरी ती लगेच त्याच्याशी बोलू लागतात. मुलं माणसापेक्षा बाहुलीला जास्त खरं सांगतात. ‘तुका खय दुखता?’ हे मोज्याने विचारलं तर नेमकी जागा कळते.

आमच्या मंडळाला विदूषक बनून किंवा दशावतारी सोंग घेऊन मुलांना हसवायला यायचं आहे. येऊ का?

या, पण आधी बोला. रुग्णालयातला विदूषक हे गंभीर काम आहे. न्यूयॉर्कमध्ये १९८६ साली मायकेल क्रिस्टेनसेन या सर्कशीतल्या कलाकाराने ते रीतसर सुरू केलं. तिथे प्रशिक्षित कलाकार डॉक्टरांच्या राउंडसारखे खाटेखाटेशी जातात आणि आधी मुलाची परवानगी घेतात. ऑपरेशनआधीची मुलांची भीती यामुळे कमी होते, असं अभ्यासांत दिसलं आहे.

परवानगीचा भाग कळीचा आहे. शिमग्यात घुंगरांचा आवाज आला की माजघरात पळणारी मुलं आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. संकासूराचं दाढीवालं सोंग अंगणात आहे तोवर बाहेर यायचं नाही. घरी निदान पळायला माजघर असतं, खाटेला खिळलेल्या मुलाने कुठे जायचं? म्हणून रंगवलेला चेहरा किंवा दाढी घेऊन थेट खाटेशी जाऊ नका. दारात थांबा, लांबूनच लकब दाखवा, मूल हसलं तर एक पाऊल पुढे. नको म्हणालं तर वाकून नमस्कार करून परत. डॉक्टरला ‘नको’ म्हणता येत नाही, विदूषकाला म्हणता येतं, आणि त्या मुलासाठी ते हसण्याइतकंच मोलाचं आहे. सोंग मुलासमोरच चढवलं तर सर्वांत छान: आधी साधा माणूस, मग मुकुट, मग रंग.

ढोलकी-झांज नको. सर्दी-खोकला असलेल्यांनी त्या दिवशी घरी राहावं. आणि एकदाच पन्नास जणांनी येऊन फळं वाटण्यापेक्षा दोघांनी दर आठवड्याला येणं कितीतरी बरं. मुलांचे फोटो काढू नका, आई-बाबांनी हो म्हटलं तरी सोशल मीडियावर टाकू नका.

आजीला दृष्ट काढायची आहे, देवाचा अंगारा लावायचा आहे. सिस्टर ओरडतील का?

आजीच्या हाताने मुलाला धीर येतो, मग तो का नाकारायचा? कपाळाला चिमूटभर अंगारा लावायला हरकत नसते. जखमेवर, सुईच्या जागेवर किंवा तोंडात मात्र अजिबात नको. आणि ऑक्सिजन चालू असेल तिथे काडी, उदबत्ती, निरांजन काहीही पेटवायचं नाही. आग भडकते. दृष्ट मीठ-मोहरीने हातानेच उतरवा आणि ती घरी नेऊन टाका. नवस बोललात तर मुलाला ऐकू येईल असं ‘हा वाचला तर’ म्हणू नका. मुलं झोपेचं सोंग घेऊन सगळं ऐकत असतात.

गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला किंवा मुंबईला न्यायला सांगितलं आहे. मुलाला कसं सांगू?

‘इथल्या डॉक्टरांकडे जे यंत्र नाही ते तिथे आहे’ असं सांगा. ‘इथले हरले’ असा सूर नको. गाडीत काय काय असेल ते सांगा: सायरन वाजेल, तोंडाला मास्क असेल, मी शेजारी बसेन. मूल शोधक असेल तर सायरन कधी वाजवायचा हे ड्रायव्हरकाकांना विचारू द्या.

गोव्याच्या मेडिकल कॉलेजात सिंधुदुर्गातल्या मुलांना बोली तितकीशी परकी वाटत नाही, कोंकणी कानाला ओळखीची लागते. मुंबईत गर्दी जास्त आणि मुक्काम लांबतो. परळला कॅन्सरचं टाटा आणि मुलांचं वाडिया ही दोन्ही रुग्णालयं आहेत. कॅन्सरच्या उपचारासाठी गावाहून येणाऱ्या मुलांना आई-वडिलांसह विनामूल्य राहता यावं म्हणून २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स काम करतात, तिथे मुलांच्या खेळाची आणि समुपदेशनाचीही सोय असते. टाटामधल्या समाजसेवा विभागात चौकशी करा. ती पहिल्याच दिवशी करा, फुटपाथवर आठवडा काढल्यावर नव्हे. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेबद्दलही तिथेच विचारता येतं.

घरी राहिलेल्या भावंडाला विसरू नका. त्याला आजोळी पाठवताना का पाठवतोय ते सांगा. नाहीतर त्याला वाटतं, आपल्यामुळेच ताई आजारी पडली.

गणपतीत सुट्टी मिळणार नाही म्हणतात. पोरगी ऐकायला तयार नाही.

कोकणातल्या मुलासाठी याहून मोठी शिक्षा नाही, तिचं रडणं हट्ट समजू नका. आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, तासाभरासाठी तरी सोडता येईल का. नसेल तर तिला तारखांचं गाजर दाखवू नका. कणकेचा गणपती खाटेवर होतो. घरच्या आरतीला व्हिडिओ कॉल लावून तिला फक्त बघायला लावू नका, एक आरती तिने सांगायची आणि घरच्यांनी तिच्यामागे म्हणायची. विसर्जनाचं गाऱ्हाणं तिच्या नावाने घाला. अतिदक्षता विभागात फुलं, दूर्वा नेता येत नाहीत, कागदाच्या चालतात.

शेजारच्या खाटेवरचं बाळ गेलं. आमच्या मुलाने सगळं पाहिलं. काय सांगू?

खोटं सांगू नका. ‘त्याला दुसऱ्या वॉर्डात नेलं’ म्हटलं तर दुसऱ्या वॉर्डात जायची वेळ आली की मूल थरथरेल. ‘तो झोपला’ म्हटलं तर त्याला भुलीची आणि रात्रीच्या झोपेची भीती बसेल. ‘तो खूप आजारी होता. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, तरी त्याचं शरीर थांबलं. तो वारला.’ एवढं पुरे. घरात देवाघरी गेला म्हणत असाल तर म्हणा, पण परत येणार नाही हेही सांगा.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कधी तोंडाने, कधी नुसत्या डोळ्यांनी: ‘मीपण मरेन?’ आजार वेगळा असेल तर तसं सांगा, ‘त्याचा आजार वेगळा होता, तुझा ताप उतरतोय.’ मुलाचा स्वतःचाच आजार जीवघेणा असेल तर काय बोलायचं ते आधी डॉक्टर आणि समुपदेशकांसोबत बसून ठरवा, एकट्याने पेलू नका. आणि रडू आलं तर मुलासमोर रडा. त्यालाही रडायची मुभा मिळते.

बाळ काचेच्या पेटीत आहे. त्याला काय कळणार?

आईचा आवाज आणि वास कळतो. नवजात अतिदक्षता कक्षात आई-वडिलांना काळजीत सामील करून घ्यावं, अशा केंद्र सरकारच्याच सूचना आहेत. हात धुऊन, डॉक्टरांना विचारून बाळाला उघड्या छातीवर घ्या. बाबांनीही घ्यावं. बाळाला थोपटत राहू नका, तळहात नुसता स्थिर ठेवा.

मुलगा चौदा वर्षांचा आहे, बाहुल्यांशी काय खेळणार?

त्याला पडदा हवा, तपासताना दार लावलेलं हवं आणि डॉक्टरांनी त्याच्याशी बोलायला हवं, त्याच्या डोक्यावरून तुमच्याशी नव्हे. पत्ते, कॅरम, क्रिकेटचा स्कोअर, मित्राचा फोन. त्याच्या मनातलं बोलणं बहुधा रात्री दिवे मालवल्यावर निघतं. तेव्हा जागे राहा.

मी स्टाफ नर्स आहे. वॉर्डात तीस मुलं, आम्ही दोघी. खेळायला वेळ कुठून आणू?

वेगळा वेळ काढायची गरज नाही, जे करता तेच थोडं बदलून करा. टोचण्याआधी मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर वाका आणि नावाने हाक मारा. शक्य असेल तर सुया, ड्रेसिंग वेगळ्या खोलीत करा. खाट ही मुलाची सुरक्षित जागा, तिथे दुखवायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी रात्रीची रडारड कमी होते. दुखणं विचारताना चेहऱ्यांची पट्टी वापरा. शून्य ते दहा असे सहा चेहरे, तीन वर्षांपुढची बरीच मुलं बोट ठेवू शकतात. मात्र हुशार मुलं इंजेक्शन टाळायला हसरा चेहरा दाखवतात, म्हणून पट्टीसोबत मुलाचं वागणंही बघा.

तुम्हालाही हे सगळं पेलणं सोपं नाही. एखादं मूल गेल्यावर लगेच पुढच्या खाटेकडे वळावं लागतं, तेव्हा ड्युटी संपल्यावर कुणाशी तरी बोला.

घरी आल्यावर मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करतो, अंगठा चोखतो, मला सोडत नाही.

काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे हे चालतं. ओरडू नका, चिडवू नका, जवळ झोपवा. शाळेत आधी अर्धा दिवस पाठवा. महिन्याभरात कमी झालं नाही, किंवा मूल खाणं-बोलणंच सोडत असेल तर दाखवा.

आजच रात्री ॲडमिट करायला सांगितलं आहे. पिशवीत काय भरू?

आधीच्या तपासण्यांचे कागद आणि औषधं. मुलाची उशी किंवा गोधडी, घरचा वास असलेली. त्याचा पाणी प्यायचा पेला. रंगखडू आणि कोऱ्या पाठीचे कागद, झाकणांची डबी, पायमोजा आणि दोन बटणं. साबणाचे फुगे करायची बाटली. तुमच्यासाठी स्वेटर, कारण वॉर्डात पंखा रात्रभर चालतो. आणि फोनचा चार्जर, बाबांचा फोन रात्री कितीही वाजता येऊ शकतो.